गाणाऱ्या काउबॉयला फॅमिली पास नाही

मंडळाचा ग्रुप मी म्यूट करून ठेवलाय. सोडला नाही, कारण सोडला की सगळ्यांना दिसतं, मग आईला लिफ्टमध्ये विचारतात, "काय हो, लेक रागावली का?" हो, रागावली. अजून रागातच आहे. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाने एका माणसाचा आवाज घेतला, माणूस गेटबाहेर ठेवला, आणि त्या आवाजावर टाळ्या दुसऱ्याच माणसाने घेतल्या. आणि हे सगळं माझ्या नाटकात झालं. मी लिहिलेल्या. म्हणून पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं की लोक म्हणतात, "अगं, पण एवढं काय झालं त्यात?"

सुरुवात झाली ट्रॅफिकमध्ये. मी मंगफला राहते, आईबाबांबरोबर, आणि कामाला सबाह अल-सालेमच्या एका क्लिनिकमध्ये जाते. कान तपासायचं काम. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन लावायचा, मी काचेच्या अलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दिवसभर हेच. त्यामुळे घरी जाताना गाडीत मला गाणी नको होतात, कोणीतरी नुसतं बोलत राहिलं तर बरं वाटतं. असंच काहीतरी शोधताना जुन्या अमेरिकन रेडिओ नाटकांचा ढीग सापडला. टीव्ही घराघरात यायच्या आधीची. फुकट. आणि मी जी अडकले ती अडकलेच.

म्हणजे कल्पना करा, पडदा नाही, चेहरा नाही, काही नाही. दार करकरतं, पावलं वाजतात, कोणीतरी श्वास रोखून धरतं, आणि मी एक्झिट चुकून पुढच्या पुलापर्यंत गेलेय. भुताची नाटकं, खुनाची नाटकं, आणि मध्येच साबणाची जाहिरात, तीही नाटकातल्याच माणसाने करायची. पण माझे सगळ्यात लाडके झाले ते गाणारे काउबॉय. घोड्यावरून यायचं, दोन गुंडांना लोळवायचं आणि लगेच गिटार. बंदुकीचा धूर खाली बसला नाही तोवर चांदण्यावर गाणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिग्नलला मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या गाडीतल्या कुवेती बाईंनी काच खाली करून सगळं ठीक आहे ना असं हाताने विचारलं.

मग मी ते लोक हे करायचे कसं ते वाचत सुटले. सगळं लाइव्ह. नट कोट घालून माइकसमोर उभे, हातात कागद. वाचून झालेलं पान हळूच खाली सोडायचं म्हणजे कागदाची फडफड ऐकू जात नाही. एक माणूस नुसता आवाज काढायला. घोड्यांच्या टापा म्हणजे वाळूच्या ट्रेमध्ये नारळाच्या दोन करवंट्या. करवंट्या! आमच्या ओट्याखाली पडलेल्या असतात त्या. आणि माणूस दिसायला कसाही असो, आवाज असला की तो हिरो. रेडिओवर वर्षानुवर्षं उंचापुरा शूर गडी झालेले लोक प्रत्यक्षात ढेरपोटे, टकले असायचे, आणि टीव्ही आल्यावर त्यातल्या काहींना सांगितलं गेलं की आता तुमच्या जागी कोणीतरी देखणा घेतोय. हे वाचून मी आठवडाभर चिडले होते. उगाच, परक्या देशातल्या, कधीच मरून गेलेल्या लोकांसाठी. मला काय माहीत की ही फक्त रंगीत तालीम होती.

अजून एक गोष्ट. खरे काउबॉय कोण होते? दुसऱ्याची गुरं हाकणारे पगारी गडी. घरापासून लांब, एका लांबड्या खोलीत पलंगांच्या रांगा, सगळे पुरुष. हे मी ऐकत होते तेव्हा गाडी आमच्या मागच्या गल्लीत लावत होते, आणि समोरच्या बॅचलर बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमध्ये ओळीने कव्हरॉल वाळत होते. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. बायकोमुलं गावाला आणि स्वतः इथे, तो बॅचलर. मग त्याला नातवंडं का असेनात.

आणि मग काका आले. आले म्हणजे त्यांच्या कंपनीने कान तपासायला पाठवले. शुवैखला एसीच्या डक्टचं वर्कशॉप, दिवसभर पत्रा ठोकायचा, म्हणून अधूनमधून तपासणी. मी त्यांना खोलीत बसवलं, हेडफोन लावला, दार बंद केलं, टेस्ट चालू केली. आणि माझ्या कानात गाणं. आत माइक असतो ना, त्यातून. दोन आवाजांच्या मधल्या वेळात हा माणूस गुणगुणत होता. गुणगुणत कसला, गातच होता, तोंड मिटून. मी बटण दाबून मराठीत म्हटलं, "काका, गाऊ नका. आवाज ऐकायचेत."

"तू सोडतंस खंय आवाज?" ते आतून म्हणाले. "मधी गप बसान काय करू?"

टेस्ट संपल्यावर मी त्यांना सोडलंच नाही. मालवणकडचे. गावाला भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, गाजवलेली, आणि तरुणपणी दशावतारात राजा. मी त्यांना काउबॉयचं सगळं सांगितलं, भडाभडा, पुढचा पेशंट बाहेर खोकून खोकून आठवण करून देत होता तरी. घोडा, गिटार, बंदूक. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे राजा," ते म्हणाले.

"राजा नाही हो काका, गुराखी."

"गे बाय, येताना गाता, मगे युद्ध करता, मगे परत गाता. राजाच तो. घोडो आसा काय खरो?"

"नाही. करवंट्या."

"मगे बेस झाला. आमच्याकडे पण नसता."

एवढ्या पटकन मला आजवर कोणी समजून घेतलेलं नाही. बाबांना मी तीन वेळा समजावलं होतं, ते म्हणाले होते, "पण आवाजाचं नाटक बघायला लोक येतील कशाला?"

तर नाटक ठरलं. दिवाळीनंतर मंडळाचा मोठा कार्यक्रम असतो, एका शाळेचा हॉल घेऊन. त्यात आम्ही जुन्या पद्धतीचं रेडिओ नाटक करणार, मराठीत, लाइव्ह, आणि हॉलमधले लोक म्हणजे स्टुडिओतले प्रेक्षक. चार माइक, हातात कागद. डोळे मिटून ऐकलं तर वाळवंट, उघडले तर आम्ही. गोष्ट साधी होती. एका गावातली विहीर सावकाराने कुलूप लावून ठेवलीय, एक गाणारा काउबॉय तहानलेली गुरं घेऊन येतो, पुढे मारामारी, पुढे पाणी. काका काउबॉय. सावकार माझी मैत्रीण, नर्स आहे, तिचा आवाज असा घोगरा की फोनवर तिला सगळे सर म्हणतात. आवाज काढायला आई. मी निवेदक.

काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "टोपी होयी."

"काका, रेडिओ आहे. टोपीचा काय संबंध?"

"संबंध नाय कसो? टोपी घातल्याशिवाय माका घोडो कसो दिसात?"

आणि पुढच्या खेपेला घेऊन आले, शुक्रवारच्या बाजारातून, तपकिरी, मोठ्या काठाची. त्यांना ती भयंकर शोभत होती आणि त्यांना ते माहीत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी त्यांना बिचारे करून टाकलं. काका बिचारे अजिबात नाहीत. अत्यंत भाव खाणारा माणूस. तालमीला चहा कमी गोड झाला तर "ह्यो राजाचो चाय नाय" म्हणायचे. मला गाण्याचे शब्द बदलायला लावायचे, ताल चुकला की आईकडे अशी नजर टाकायचे की आई करवंट्या खाली ठेवून म्हणायची, "भाऊ, मी स्वयंपाकाला जाऊ का?"

"नको वयनी, घोडो मरतलो."

तालमी आमच्या घरी, शुक्रवारी सकाळी. काका दोन गल्ल्या पलीकडे राहतात, तरी पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे वॉचमनने, त्यांना खालीच अडवलं. फॅमिली बिल्डिंग ना, बॅचलरला वर सोडत नाहीत. मी घ्यायला खाली पोचले तेव्हा तो विचारत होता, "एसी?" आणि काका मला डोळा मारून म्हणाले, "हां, एसी." मग दर शुक्रवारी ते एसी म्हणूनच वर आले. आम्ही हसायचो. आता आठवलं की मला हसू येत नाही.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी एकदा अगदी स्पष्ट सांगितलं. मैत्रिणीने विचारलं, "काका, एवढी मेहनत घेताय, तुम्हाला नक्की काय आवडतंय यातलं?" ते म्हणाले, "उभ्यान गावचा. इतकी वर्षां हय खोलीत बसान गातंय, खाटीवर. लोकांसमोर उभ्यान नाय गायलंय." बस. एवढंच. त्या स्टेजवर उभं राहून गायचं.

आता मंडळाची पद्धत. ही इथल्या लोकांनाच कळेल, पण सांगते. मंडळात सगळं ट्रॅकवर असतं. नाच ट्रॅकवर समजू शकते, पण नाटकंसुद्धा. संवाद आधी रेकॉर्ड करायचे, स्टेजवर नुसते ओठ हलवायचे. कारण एके काळी म्हणे माइक दोनच होते आणि कोणीतरी वाक्य विसरलं, कोणाचा तरी मुलगा माइकवर रडला, तेव्हापासून नियम. आता हॉलमध्ये माइक खंडीभर आहेत, नियम तोच. लाइव्ह फक्त निवेदन. मला सांगितलं गेलं, "ट्रॅक द्या, नुसता बॅकअप म्हणून, लाइव्ह करायचं की नाही ते कमिटी ठरवेल." मी क्लिनिकच्या त्या बंद खोलीत, साहेबांची परवानगी काढून, सगळ्यांना रेकॉर्ड केलं. आणि काय रेकॉर्ड झालं. काकांनी मध्येच एक तान अशी घेतली की ती कागदावर नव्हतीच, दुसऱ्या कडव्याआधी जरासे खाकरले, पत्र्याच्या धुळीने त्यांचा घसा नेहमी धरलेला असतो, आणि ते खाकरणंसुद्धा इतकं काउबॉयसारखं होतं की मी ठेवून दिलं.

मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्या मंडळाच्या अध्यक्ष आहेत. लहानपणी आई ड्यूटीवर असली की मी त्यांच्याकडेच जेवायचे, त्यामुळे मी त्यांना आजही काकूच म्हणते आणि त्या मला बाळा.

"बाळा, काय सुंदर झालंय गं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो गाण्याचा आवाज तर काय. आता असं ठरलंय, स्टेजवर आपले डेंटिस्ट डॉक्टर उभे राहतील, उंच आहेत, घोड्यावर छान दिसतील. मागे मुलांचा नाच."

"घोड्यावर? काकू, ते रेडिओ नाटक आहे. कोणी दिसायचंच नाहीये. आणि गाणारे काका येणार आहेत ना."

"अगं, आवाज त्यांचाच वापरतोय आपण. कुठे बदललाय?"

"मग माणूस पण त्यांचाच वापरा."

"बाळा, फॅमिली प्रोग्राम आहे."

"त्यांना फॅमिली आहे. बायको आहे, दोन मुली आहेत, एकीचं लग्न झालंय."

"इथे आहेत का?"

"इथे कशा असतील? त्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नाही, तुम्हाला माहितीये ना."

"तेच तर म्हणतेय मी," काकू म्हणाल्या, जणू मीच त्यांचा मुद्दा सिद्ध करून दिला. "एकाला सोडलं की दहा जण विचारतात. बायका असतात, मुली असतात. तुझ्यासाठीच सांगतेय."

माझ्यासाठी. मी दर शुक्रवारी त्यांच्याबरोबर माझ्या घरात पोहे खातेय आणि ह्या मला माझ्यासाठी सांगतायत. मी म्हटलं मग नाटक मागे घेते. त्या म्हणाल्या, पत्रिका छापून झाल्या, ट्रॅक आता मंडळाकडे आहे, मुलांच्या तालमी सुरू झाल्या, लहान मुलांचा हिरमोड करणार आहेस का? शेवटी म्हणाल्या, "बरं, त्यांचं बघू."

बाबा सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुझा मुद्दा बरोबर आहे, पण..." आणि मी त्यांना "पण"च्या पुढे बोलूच दिलं नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मीठ दे, रिमोट दे एवढंच बोललो.

काकांना मी सांगितलं तेव्हा मला वाटलं ते भडकतील. ते डब्यातलं माशाचं कालवण पोळीला लावत होते. म्हणाले, "बघू म्हणाली ना बाय ती?"

"काका, मंडळात बघू म्हणजे नाही."

"तुझ्या मंडळात. नाटकवाल्यांत बघू म्हणजे आयत्या वेळार बोलवणा येता. माझो पयलो राजा असोच गावलो. मूळचो राजा तापान पडलो."

ते ओव्हरटाइम सोडून आले. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सामान उतरवायला बॅकस्टेजच्या दाराने सगळ्यांना आत सोडत होते, तेव्हा आलेसुद्धा आत, इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत टोपी. स्टेजवर जाऊन उभे राहिले, हॉल रिकामा, एकदा घसा साफ केला, आवाज कुठपर्यंत जातो ते पाहिलं. मग फॅमिली यायला लागल्या आणि गळ्यात मंडळाचा पट्टा घातलेला एक स्वयंसेवक सगळ्यांचे फॅमिली पास स्कॅन करत फिरायला लागला. काकांकडे पास नव्हता. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबता का? काही लागलं तर बोलावतो." काका मला म्हणाले, "तू जा. तुझा काम कर. मी गेटार आसंय. बोलावतले तर येतंय." आणि गेटवर शाळेच्या हारिसच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले.

मी काकूंकडे गेले, साडीतल्या दहा बायकांमधून वाट काढत. म्हटलं, शेवटचं विचारते. त्या म्हणाल्या, "आत्ता? आत्ता मला दिवा लावायचाय बाळा."

आणि मग ते झालं. पुठ्ठ्याचा घोडा. डेंटिस्ट डॉक्टर, चकचकीत बूट, गळ्यात लाल रुमाल. मागे मुलं उड्या मारतायत, आईच्या करवंट्यांच्या तालाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. आई तिसऱ्या रांगेत बसून स्वतःच्याच टापा ऐकत होती, तोंड असं की कडू औषध घेतलंय. काकांचा आवाज स्पीकरमधून आला तसा हॉल एकदम गप्प झाला. खरंच गप्प झाला. एवढ्या वर्षांत मी तो हॉल एवढा गप्प पाहिलेला नाही. पहिलं कडवं संपलं आणि डॉक्टरांनी मूठ तोंडापुढे धरली आणि खाकरले.

त्यांनी ते पाठ केलं होतं. काकांचं खाकरणं. पत्र्याच्या धुळीचं. मूठ धरून, मान वाकडी करून, अगदी वेळेवर. लोक हसले आणि टाळ्या पडल्या, "क्या बात है डॉक्टर" असं कोणीतरी ओरडलं. डॉक्टर वाईट माणूस नाही हो, तालमीला मला म्हणाला होता, "मला जे सांगतात ते मी करतो यार." पण त्या क्षणी मला तो पुठ्ठ्याचा घोडा उचलून फेकावासा वाटला.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. माइक. निवेदन लाइव्ह. त्या जुन्या नाटकांमध्ये शेवटी निवेदक सांगायचा, अमुकची भूमिका अमुकने केली. मी कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं. की तुम्ही आत्ता ज्यांचा आवाज ऐकलात ते स्टेजवर नाहीत. त्यांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हटलं, ते शुवैखला पत्रा ठोकतात, मंगफला राहतात, आणि या क्षणी बाहेर गेटवर उभे आहेत, कारण त्यांच्याकडे फॅमिली पास नाही.

मागून दोनचार टाळ्या आल्या, माझ्या मैत्रिणीच्या असणार. आणि काकूंनी दुसरा माइक उचलला. हसून. "हो हो, त्यांचेही मनापासून आभार. आपल्या संपूर्ण बॅकस्टेज टीमसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत." आणि पडल्या की. कडाडून.

उरलेलं निवेदन संपवून मी धावत गेटवर गेले. मला काय वाटत होतं कोण जाणे, काकांना बरं वाटेल, माझ्या डोक्यावर हात ठेवतील. काका उभे होते आणि त्यांच्या हातात ताट होतं. माझं बोलणं ऐकून कोणी तरी भला माणूस लगेच जेवणाचं ताट भरून त्यांना देऊन गेला होता. पुलाव, दोन गुलाबजाम, वर कागदी रुमाल. ते त्यांनी माझ्याकडे न बघता हारिसला दिलं.

गाडीत बसून घरी निघालो. आई पुढे, काका मागे. मंगफचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते बोलले.

"कोणी सांगलेलां तुका?"

"काय काका?"

"माझा नाव घेवक. गेटार आसंय म्हणान."

"खरं होतं ते. लोकांना कळायला नको?"

"माका कळात नाय काय, मी खंय उभो आसंय तां? मी टाळी ऐकूक उभो होतंय. भिंतीतसून येय होती. पयल्या कडव्याक इली, बरी इली. माझीच ती. आनी मगे एक माणूस ताट घेवन इलो. भूक लागली काय इचारल्यान माका. मी राजा होतंय गो. तू माका भिकारी केलंस."

"भाऊ, तिचा हेतू..." आई म्हणाली.

"वयनी, हेतू माका ठाऊक आसा. तिणा काय केल्यान तां सांगतंय मी."

मी रडले, पण रागाने. मी म्हटलं, "मग काय गप्प बसायचं होतं का? तो तुमचं खाकरणं करत होता." आणि ते म्हणाले, "करान दे. चांगला केल्यान असतला." आणि उतरले.

यावर मी खूप विचार केलाय आणि अजूनही मला वाटतं बोलायला हवं होतं. त्यांना वाटतं नको होतं. आम्ही दोघंही हललेलो नाही. शुक्रवारी ते पोहे खायला येतात, हारिसला "एसी" सांगत नाहीत, "फ्रेंड" सांगतात, आणि तो सोडतो. तेवढाच काय तो बदल.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण मंडळाला आता वाईट वाटायला लागलं होतं. ग्रुपवर चर्चा झाली. कोणी लिहिलं, श्रमिक बांधवांचा आपण आदर केला पाहिजे. कोणी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आणि ठरलं की पुढच्या कार्यक्रमात काकांचा सत्कार करायचा. शाल आणि सन्मानचिन्ह. त्यासाठी खास बाब म्हणून त्यांना आत सोडणार, पुढच्या रांगेत बसवणार. काकूंनी मला फोन केला, "आता तरी खूश ना?" मी विचारलं, "गाणार ना ते?" त्या म्हणाल्या, "सत्कारमूर्तीला कोणी गायला लावतं का? आणि आपलं सगळं ट्रॅकवर असतं बाळा."

मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला होता, राजाचा, गोड. ते हसले, अगदी मनापासून, मग हसू थांबलं.

"म्हणजे शाल घालून बसवतले. उभो रवाक देवचे नाय."

"हो."

"तुझो फोन दी. लिवक नको. बोलतंय."

मी ग्रुप उघडून दिला. ते उभे राहिले, आमच्या हॉलमध्ये, फोन समोर धरून, आणि बोलले. मालवणीत, पण कोणालाही समजेल असं सावकाश. "नमस्कार मंडळी. तुमी माझो सत्कार करतास, उपकार झाले. शाल माका नको. माका गावचा आसा, उभ्यान, माझ्या आवाजान, माझ्या तोंडान. देतास तर बोलवा. नाय देणास तर नाय म्हणा, माका वायट वाटाचा नाय. पण शाल धाडू नकात." आणि त्यांनी स्वतःच बोट काढलं, मेसेज गेला.

आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. दोनतीन मिनिटांनी उत्तरं यायला लागली. टाळ्यांची चित्रं, एकामागून एक. "वा, काय भारदस्त आवाज." "गावची आठवण आली." "मालवणी ऐकायला किती गोड ना." मग डेंटिस्ट डॉक्टर, "रिस्पेक्ट." मग सांस्कृतिक समितीचे एक जण, "यांचा आवाज खरंच जपायला हवा. पुढच्या वर्षीच्या ट्रॅकला यांनाच घेऊ."

"काय म्हणतत?" काकांनी विचारलं. चष्मा खोलीवर राहिला होता त्यांचा.

मी सगळं वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. शेवटचं दोनदा वाचावं लागलं, कारण आईने "काय?" म्हणून विचारलं.

काकांनी परत फोन मागितला. या वेळी बसूनच बोलले. "आवाज देवचंय नाय." तेवढंच, तीन शब्द, पाठवले आणि फोन मला परत दिला.

त्यावर पहिला अंगठा काकूंचा आला.